जुन्या गाडीचा गिअरबॉक्स : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मारुती ८००चे उत्पादन डिसेंबर १९८३मध्ये सुरू होऊन जानेवारी २०१४मध्ये थांबले आणि प्रीमिअर पद्मिनी त्याच्या बऱ्याच आधी कारखान्यातून बाहेर पडेनाशी झाली, तरी या दोन्ही गाड्या कोणी गरजेने, तर कोणी हौसेने आजही सांभाळल्या आहेत. त्यांचा गिअरबॉक्स, म्हणजे इंजिनाचा वेग आणि जोर योग्य प्रमाणात बदलून चाकांकडे पाठवणारी दातेरी चक्रांची पेटी, हा अतिशय टिकाऊ भाग आहे. तो खरोखर निकामी होण्यापेक्षा निकामी ठरवला जाण्याचे प्रसंग अधिक असतात आणि त्यांच्या मुळाशी बहुधा रूढ गैरसमज असतात.

पहिला समज असा की गिअर ऑइल कधी बदलावेच लागत नाही. इंजिनातील तेलात इंधनाच्या ज्वलनाची काजळी मिसळते, गिअरबॉक्समध्ये ज्वलन नसल्याने तेथील तेल अधिक काळ टिकते, एवढ्यापुरता त्यात तथ्यांश आहे. परंतु हाताने गिअर टाकण्याच्या साध्या गिअरबॉक्सला सहसा तेलाची गाळणी नसते, त्यामुळे दात्यांची व बेअरिंगांची झिजलेली धातूची भुकटी त्याच तेलात फिरत राहते. शिवाय सील झिजून तेल थेंबाथेंबाने कमी झाले, तरी डॅशबोर्डवर त्याची सूचना देणारा दिवा नसतो. मारुती ८००मध्ये डिफरन्शिअल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना, गिअरबॉक्सच्याच कवचात असल्याने तेलाच्या उणिवेचा फटका दोहोंना बसतो.

तेलाच्या निवडीतला गैरसमज याहून हानिकारक आहे. डब्यावरील जीएल-४ आणि जीएल-५ हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेले वर्ग असून त्यांतला मोठा आकडा म्हणजे वरचा दर्जा, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः जीएल-५ हे तेल मुख्यतः हायपॉइड दात्यांसाठी, म्हणजे एकमेकांवर मोठ्या दाबाखाली घसरत फिरणाऱ्या मागच्या अ‍ॅक्सलमधील दात्यांसाठी आहे आणि त्यात गंधक व स्फुरद यांची संयुगे जीएल-४च्या सुमारे दुप्पट असतात. गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रो रिंग असते. ही पितळी कडी गिअरच्या शंकूवर घासून दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करते आणि मगच दाते एकमेकांत अडकू देते. तिला ठरावीक घर्षण लागते. अतिनिसरड्या तेलात ते मिळत नाही आणि जीएल-५च्या काही प्रकारांतील, विशेषतः जुन्या प्रकारांतील, गंधकयुक्त द्रव्ये पितळाला खातात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल, तर तेच घालणे हिताचे आहे. त्याचप्रमाणे ९० क्रमांकाचे गिअर ऑइल इंजिनाच्या ४० क्रमांकाच्या तेलापेक्षा दुपटीने दाट असते, हेही खरे नाही. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या असून त्या तेलांचा दाटपणा जवळपास सारखा असतो.

गिअर घासला की गिअरबॉक्स उतरवायचा, हा समज मालकाला सर्वांत महाग पडतो. घासण्याचे कारण पुष्कळदा क्लचमध्ये असते: क्लच वायर ताणली गेल्यामुळे पेडल पूर्ण दाबूनही क्लच प्लेट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलपासून नीट सुटत नाही आणि गिअरबॉक्समध्ये शिरणारा इनपुट शाफ्ट फिरतच राहतो. याची परीक्षा सोपी आहे. उभ्या गाडीत इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. मारुती ८००च्या रिव्हर्सला सिंक्रो नसल्याने घाईने टाकल्यास तो घासणारच, परंतु थांबल्यानंतरही कर्रकन वाजला तर आधी वायर आणि पेडलचा फ्री प्ले, म्हणजे त्याची मोकळी चाल, पाहावी. चालत्या गाडीत केवळ दुसरा किंवा तिसरा गिअर घासत असेल, तरच सिंक्रो रिंगेवर संशय घेणे रास्त ठरते. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला मुळातच सिंक्रो नव्हता, त्यामुळे गाडी पुरती थांबण्याआधी तो टाकताना घासणे हा बिघाड मानता येत नाही.

आवाजावरूनही असेच चुकीचे निदान होते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर ती इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची असण्याचा संभव असतो. उलट क्लच दाबल्यावरच ती सुरू झाली, तर दोष थ्रस्ट बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचवर टेकणाऱ्या बेअरिंगचा, असतो. पद्मिनीच्या चौथ्या गिअरमध्ये शक्ती गिअरबॉक्समधून सरळ पार जाते, बाजूच्या शाफ्टवर भार राहत नाही. म्हणून खालच्या गिअरांतला आवाज चौथ्यात नाहीसा होणे ही बाजूच्या शाफ्टवरील दोषाची महत्त्वाची खूण आहे. सर्व गिअरांत सारखा येणारा आणि वळणावर बदलणारा आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो. गिअर आपोआप सुटत असेल किंवा दांडा ढिला लागत असेल, तर जोडदांड्याचे झिजलेले बुश आणि इंजिनाचे तुटलेले माउंटिंग आधी तपासावे. ही कामे गिअरबॉक्स न उतरवता होतात.

तेल बदलताना खालचा ड्रेन प्लग आधी उघडण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण वरचा, तेल भरण्याचा प्लग गंजून बसला असेल तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागीच अडकून पडते. म्हणून भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री प्रथम करावी. ड्रेन प्लगला चुंबक असल्यास त्यावरील मऊ, करड्या लगद्याने घाबरण्याचे कारण नाही. बोटांत टोचणारी पोलादाची कपची मात्र तुटलेल्या दात्याची असू शकते आणि तेलातली पिवळसर चमक सिंक्रो रिंगांची झीज दाखवते. सील बदलूनही तेल पाझरत राहिल्यास ब्रीदर, म्हणजे आतली तापलेली हवा बाहेर सोडणारे छिद्र, चिखलाने बुजले आहे का ते पाहावे, कारण कोंडलेला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

गिअरबॉक्स उघडणे अटळ झाले, तरी आतले सर्व गिअर बदलावे लागतात असे नाही. बहुतेक वेळा बेअरिंगे, सील आणि सिंक्रो रिंगा एवढेच जाते. रिंग गिअरच्या शंकूवर दाबून दोहोंमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजली की ती ठेवायची की बदलायची, हे अंदाजाविना ठरते. गिअर बदलायचाच असेल, तर त्याच्याशी जुळणारा जोडीचा गिअरही बदलावा, कारण झिजलेल्या दात्यांशी नवे दाते नीट बसत नाहीत. बेअरिंगांमागच्या पातळ चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, कोणत्या जागेवरून निघाल्या ते खोलतानाच लिहून ठेवावे. त्यांची जाडी त्या-त्या गिअरबॉक्ससाठी मोजून निवडलेली असते आणि त्यांची अदलाबदल झाली तर नवी बेअरिंगेही थोड्याच दिवसांत वाजू लागतात.