जुना व्हॉल्व्ह आणि चार वॅटची मर्यादा

व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी घरात पाहिला आहे त्यांना आठवत असेल की, बटण फिरवताच आवाज येत नसे. आत हळूहळू तांबूस उजेड दिसू लागे आणि मग कोठे बातम्या ऐकू येत. हा थांबा यंत्राच्या स्वभावातच होता. ज्या यंत्राविषयी येथे सांगावयाचे आहे, त्याच्याशी वागतानाही पहिला गुण धीर हाच होय.

अमेरिकेत सामान्य नागरिकांना परस्परांशी बोलता यावे म्हणून ‘सिटिझन्स बँड’ हा रेडिओपट्टा राखून ठेवलेला आहे. १९५८ साली त्याला २७ मेगॅहर्ट्झच्या आसपास जागा मिळाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर मालमोटारींच्या चालकांनी तो गाजवला आणि १९७७ मध्ये त्याच्या वाहिन्या ४० झाल्या. साध्या बोलण्यासाठी क्षेपकाची मर्यादा मात्र ४ वॅट. बोलणारे उदंड झाले, तसा आपलाच आवाज वर राहावा असा मोह सुटला आणि क्षेपक व एरियल यांच्यामध्ये अँप्लिफायर बसू लागले. रंगीत टेलिव्हिजनमध्ये लागणारे ६एलक्यू६ सारखे व्हॉल्व्ह त्या काळी सहज मिळत. पुष्कळसे अँप्लिफायर त्यांवरच बांधले गेले.

व्हॉल्व्ह करतो काय? निर्वात काचनळीत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात व अ‍ॅनोडकडे धावतात. वाटेत एक जाळी असते. पाटाचे दार बोटभर हलवले तरी पाण्याचा लोट कमीजास्त होतो, तसे जाळीवरील दाबात थोडा फरक पडताच मोठा प्रवाह बदलतो. पाण्याचे बळ दारात नसते, मागच्या साठ्यात असते. येथे तो साठा म्हणजे कित्येक शे, कधी हजाराहून अधिक व्होल्टचा विद्युत्पुरवठा.

म्हणूनच देखभालीची सुरुवात जिवाच्या सुरक्षिततेपासून होते. प्लग काढला म्हणजे यंत्र निर्जीव झाले असे समजू नये; त्याचे कंडेन्सर वीज धरून ठेवतात. थोडा वेळ थांबावे, मूठ विद्युत्‌रोधक असलेल्या सळीने, रोधकामार्फत तो भार उतरवावा, मीटरने शून्य पाहावे आणि मगच हात घालावा. एकट्याने हे काम करूच नये.

अनेक वर्षे बंद पडलेले यंत्र एकदम सुरू करू नये. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात; ते बदलणे उत्तम. धूळ झाडावी, पंखा फिरतो का पाहावे, व्हॉल्व्हच्या बैठकीतील संपर्कबिंदू स्वच्छ करावेत. चाचणी एरियलवर न करता ५० ओहमच्या कृत्रिम भारावर करावी. जुळणी चुकली की शक्ती बाहेर जाण्याऐवजी अ‍ॅनोडवरच उष्णता होऊन साठते. तंतूचा नारिंगी उजेड स्वाभाविक. अ‍ॅनोडचा पत्राच लाल झाला, तर मात्र तत्काळ थांबावे. टेलिव्हिजनचे व्हॉल्व्ह हा अत्याचार काही क्षणच सोसतात.

आता हिशेब पाहू. ग्राहकयंत्राच्या संकेतमापकाचा काटा एक घर पुढे जाण्यास चौपट शक्ती लागते. ४ चे १६, १६ चे ६४ वॅट केले तेव्हा काटा सरकला दोनच घरे! शिवाय अँप्लिफायरने तोंड मोठे होते, कान नव्हे; दूरचा क्षीण आवाज पूर्वीइतकाच ऐकू येतो. उलट चांगले, उंच एरियल बोलणे आणि ऐकणे दोन्ही सुधारते.

त्यातून शेजाऱ्यांच्या रेडिओ-टेलिव्हिजनमध्ये खरखर घुसते आणि दुर्बळ यंत्रवाल्याची हाक बुडते. ती हाक अपघाताचीही असू शकेल. म्हणून अमेरिकेत या पट्ट्यावर अँप्लिफायरचा वापर निषिद्ध आहे. १९७८ मध्ये त्या आसपास चालणाऱ्या अँप्लिफायरच्या निर्मितीवर व विक्रीवरही निर्बंध आले. आपल्याकडेही २००५ च्या नियमांनी येथे विनापरवाना मुभा दिली आहे ती ५ वॅटपर्यंतचीच.

मग ही जुनी यंत्रे भंगारात काढावीत काय? मुळीच नाही. ती दुरुस्त करून कृत्रिम भारावर चालवावीत, विद्यार्थ्यांना दाखवावीत. हौशी रेडिओचा परवाना असेल त्याने योग्य फेरफार करून, परवान्याच्या मर्यादेत, २८ मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यात वापरावीत. आकाशलहरींचा पट्टा गावच्या पाणवठ्यासारखा सर्वांचा आहे. आपली घागर भरताना पाणी गढूळ होऊ नये, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.