महागडी खेळणी सोडून बाळ वाटी-चमच्याशीच का खेळतं?

खेळण्यांचा ढीग पडलेला असतो, पण रांगणारं बाळ थेट स्वयंपाकघरात जाऊन डबे वाजवत बसतं. असं का होतं?

प्लास्टिकची खेळणी हाताला साधारण सारखीच लागतात. स्टीलची वाटी मात्र गार, लाकडी रवी खरखरीत, सुती दुपटं मऊ. प्रत्येकाचं वजन वेगळं, आवाजही वेगळा. बाळ हाताने, तोंडाने, कानाने शिकतं. हेच ओळखून बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मीड यांनी बसू लागलेल्या बाळांसाठी घरगुती वस्तूंच्या टोपलीची कल्पना मांडली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच. मग मोबाइलऐवजी वाट्या, झाकणं, रिकामा डबा पुढे ठेवा. चार-पाच वस्तू पुरतात. कंटाळलं की बदला.

पण काळजी घ्या. शेंगदाणे, कडधान्य, बटणं, नाणी घशात अडकून श्वास कोंडू शकतो. तीन वर्षांपर्यंत हे खेळायला नको. रिमोटमधला चपटा गोल सेल गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. लगेच रुग्णालय गाठा. प्लास्टिकची पिशवी आणि भरलेली बादली लांब ठेवा.

आणि बाळ खेळत असताना मोठ्यांपैकी कुणीतरी शेजारी हवंच.