तेलाची नाडी कुठे तपासायची?

वळवाच्या पावसात माणला वीज गेली, की हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यालगतच्या उंच इमारतींच्या आवारातून आधी एक घरघर ऐकू येते आणि काही सेकंदांत दिवे परततात. लिफ्ट हलते, पाण्याचा पंप सुरू होतो, टीव्हीवरची मालिका पुढे सरकते. वरच्या कुठल्या तरी मजल्यावर एखाद्या आजोबांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही पुन्हा सुरू होतो, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. फुप्फुसाच्या जुनाट आजारामुळे घरीच ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णासाठी जनरेटर ही चैन नसते. आणि जनरेटर मध्येच थांबला तर दर वेळी डिझेलच संपलेले असते असे नाही. पुष्कळदा पॅनेलवर लाल दिवा लागलेला असतो आणि शेजारी लिहिलेले असते, 'लो ऑइल प्रेशर'.

हा दिवा कुठल्या जागेचा दाब पाहून लागतो, हे ठाऊक असलेले लोक थोडे. तेलाची वाट एकदा समजून घेतली की ते कळते. इंजिनच्या तळाशी चेंबर असतो. तिथून पंप जाळीतून तेल ओढतो आणि फिल्टरकडे ढकलतो. मोठ्या इंजिनात तेल पुढे कूलरमधून जाते आणि मग ब्लॉकमधल्या एका लांब बोगद्यात येते. त्याला मुख्य गॅलरी म्हणतात. गॅलरीतून फाटे फुटतात: क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना, क्रँकशाफ्टमधल्याच छिद्रांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना, वर हेडमधल्या रॉकरना, टर्बोचार्जर असेल तर त्यालाही. काम संपले की तेल आपल्या वजनाने ओघळून पुन्हा चेंबरमध्ये येते. पंप म्हणजे हृदय आणि गॅलरी म्हणजे महाधमनी ही तुलना कोणालाही सुचेल. ती बऱ्याच अंशी खरी आहे. जिथे ती खोटी ठरते, ती जागाही पुढे येईल.

बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा थर असतो काही मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ. शाफ्ट फिरताना त्या थरात आपोआप शेकडो बारचा दाब तयार होतो आणि शाफ्ट त्यावर तरंगतो. पंपाचा तीन-चार बारचा दाब फक्त तेल तिथवर पोचवण्यापुरता. ते पोचले नाही तर धातूवर धातू घासतो, आणि मिनिटभरात इंजिन जाम होऊ शकते.

म्हणून दाबाचा सेन्सर फिल्टरच्या पुढे, गॅलरीवर हवा. तो पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये बसवला तर चोंदलेल्या फिल्टरमागे तुंबलेला दाब दिसतो. काटा झकास वर, आणि पलीकडे बेअरिंग कोरडे पडत चाललेले! यात आणखी एक मेख आहे. फिल्टर फारच चोंदला तर त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जाते. मग गॅलरीतला काटाही जवळजवळ ठीक दिसतो. हे पकडायचे तर फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे असे दोन दाब घेऊन त्यांतला फरक पाहावा लागतो. एकच सेन्सर परवडत असेल तर गॅलरीच्या पंपापासून सर्वांत दूरच्या टोकाचा विचार आधी करावा. तिथे दाब पुरेसा असेल तर अलीकडच्या बेअरिंगांचे सहसा बरेच चाललेले असते.

तापमानाचा न्याय वेगळा, आणि इथे चुका जास्त होतात. इंजिनाच्या हादऱ्यांनी सेन्सर तुटू नये म्हणून दाबाचा सेन्सर लवचिक नळी लावून दूर पत्र्यावर बसवतात. ते चालते, कारण नळीत उभ्या असलेल्या तेलातूनही दाब टोकापर्यंत पोचतो. उष्णता अशी पोचत नाही. त्याच नळीच्या टोकाला तापमानाचा सेन्सर लावला तर तो नळीतल्या निवलेल्या तेलाचे तापमान सांगत बसेल. त्याचे टोक वाहत्या तेलातच बुडलेले हवे. चेंबरमध्ये लावला तर इंजिनभर फिरून आलेल्या, मिसळलेल्या तेलाची सरासरी मिळते, मात्र पातळी खाली गेली तर तो तेलाऐवजी हवाच मोजतो. कूलरच्या पुढे गॅलरीत लावला तर बेअरिंगला मिळणाऱ्या तेलाचे तापमान कळते. दोन्ही आकडे खरे, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

अतिदक्षता विभागात हाच नियम रोज पाळला जातो. मनगटाच्या धमनीतली सुई लांब नळीने सेन्सरला जोडलेली असते, तरी दाब बरोबर येतो. मात्र सेन्सर हृदयाच्या पातळीवर हवा आणि नळीत हवेचा बुडबुडा नको, नाहीतर पडद्यावरची लाट बोथट होते. घरच्या बीपी यंत्राचेही तेच. हात लोंबता ठेवला आणि पट्टा हृदयाच्या १० सेंटिमीटर खाली आला, तर आकडा साधारण ७ ते ८ मिलिमीटरने जास्त दिसतो. तेवढ्यावर कोणाची गोळी वाढू नये. ताप मोजताना मात्र नळीची सोय नाही. थर्मामीटर काखेत कातडीला चिकटूनच हवा, सदऱ्यावरून नाही.

आता तुलना जिथे घसरते ती जागा. दाब म्हणजे प्रवाह नव्हे. थंड इंजिनात तेल घट्ट असते. पंप जोर लावतो, दाब भरपूर दिसतो, पण दूरच्या टोकाला तेल उशिरा पोचते. १५डब्ल्यू-४० हे आपल्याकडचे नेहमीचे डिझेल इंजिनाचे तेल ४० अंशांवरून १०० अंशांवर गेले की साधारण सातपट पातळ होते आणि काटा खाली येतो. हा उतार नैसर्गिक. पण बेअरिंग झिजून फट वाढली असेल तर तेल तिथून भराभर निसटते आणि दाब फारच पडतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या रुग्णात असेच होते: हृदय जोरात पंप करत असते, पण रक्तवाहिन्या सैल पडल्याने दाब टिकत नाही. फरक इतकाच की शरीर गरजेप्रमाणे वाहिन्या आवळू शकते, बेअरिंगला ती सोय नाही. म्हणून दाबाचा आकडा तापमानाशिवाय वाचणे अर्धवट आहे.

हे गणित मांडणाऱ्यांपैकी एक डॉक्टरच होता. जाँ पॉइझय या फ्रेंच वैद्याने १८२८ मध्ये पाऱ्याची नळी वापरून प्राण्यांच्या धमन्यांतला दाब मोजला आणि पुढे बारीक काचनळ्यांतून द्रव कसे वाहतात याचे प्रयोग केले. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाने सोळावा हिस्साच द्रव वाहतो, हे त्यातून निघाले. तेलाच्या गाळाने अरुंद झालेल्या छिद्राला हे जसेच्या तसे लागू पडते. तेलाच्या घट्टपणाचे 'पॉइज' हे एकक त्याच्याच नावावरून आले. १५डब्ल्यू मधल्या 'डब्ल्यू'ची थंडीतली कसोटी आजही सेंटिपॉइजमध्येच सांगतात.

हे सगळे पुणे जिल्ह्याला परके नाही. खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ची, तर वेताळ टेकडीवरची वाहन संशोधन संस्था 'एआरएआय' १९६६ मध्ये स्थापन झालेली. चाचणीच्या बाकावर चढवलेल्या इंजिनाला एकाच तेलवाटेवर अनेक सेन्सर लावतात. सोसायटीच्या जनरेटरला मात्र बहुतेक एक दाबाचा आणि एक पाण्याच्या तापमानाचा, एवढ्यावरच भागवलेले असते.

मग त्या एका काट्याकडे निदान योग्य वेळी तरी पाहायला हवे. अनेक ठिकाणी आठवड्यातून एकदा जनरेटर पाच मिनिटे रिकामा चालवतात, काटा पाहतात आणि वहीत 'ओके' लिहितात. त्या पाच मिनिटांत तेल तापलेलेच नसते, त्यामुळे दाब छान दिसणारच. अमेरिकेतल्या एनएफपीए ११० या मानकात डिझेल जनरेटर महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटे, क्षमतेच्या किमान ३० टक्के लोडवर चालवायला सांगितले आहे. लिफ्ट आणि पंप चालू ठेवून अर्ध्या तासानंतर, तेल गरम असताना दाब वाचावा आणि शेजारी तापमान लिहावे. दर महिन्याचा गरम दाब खाली सरकताना दिसला तर फिटरला बोलवायला तेवढे पुरते. काटा थरथरत असेल तर आधी इंजिन बंद करून, तेल खाली उतरू देऊन डिपस्टिक पाहावी. पातळी कमी असली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि काटा असा नाचू शकतो.

आणि वरच्या मजल्यावर कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरात, जनरेटर कितीही चांगला असला तरी, भरलेला एक ऑक्सिजन सिलिंडर आणि तो उघडायची चावी हाताशी असावी. त्याच्या गेजचा काटा मात्र रोज पाहावा.