डिस्कना उकाडा सोसतो, दमट हवा नाही

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांजवळ २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक पोलादी टाकी समुद्राच्या तळाशी, ११७ फूट खोल सोडली. आत १२ रॅक आणि ८६४ सर्व्हर. प्रकल्पाचं नाव ‘नेटिक’. टाकी सीलबंद होती, त्यामुळे बिघडलेला सर्व्हर दुरुस्त करायला कुणी जाणं शक्य नव्हतं.

गार ठेवण्याची सोय पाणबुडीच्या धर्तीची होती. प्रत्येक रॅकच्या पाठीला रेडिएटर. समुद्राचं थंड पाणी त्यातून फिरून उष्णता घेऊन पुन्हा समुद्रात जायचं. आत साध्या हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरलेला. जुलै २०२० मध्ये शेवाळाने माखलेली टाकी वर काढली. बिघाडाचं प्रमाण जमिनीवरच्या सर्व्हरच्या एक अष्टमांश निघालं.

याचं श्रेय चटकन समुद्राच्या गारव्याला द्यावंसं वाटतं. संशोधकांचा अंदाज मात्र वेगळा होता: गंज चढवणारा ऑक्सिजन आत नव्हता आणि येता-जाता धक्का लावणारी माणसंही नव्हती.

गारव्याबद्दलची शंका तशी जुनीच. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये लाखाहून जास्त हार्ड डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ‘जितकी गरम, तितकी लवकर खराब’ हे गणित जुळलं नाही. उष्णता बाधली ती मुख्यतः फार तापलेल्या किंवा वयस्क डिस्कना. २००८ मध्ये ‘अ‍ॅश्रे’ या अमेरिकेतल्या संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी शिफारशीची मर्यादा २५ वरून २७ अंश सेल्सिअसवर नेली. एसीचं वीजबिल त्यामुळे हलकं झालं.

मग खरा शत्रू कोण? मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरमधल्या दहा लाखांहून जास्त डिस्कचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तापमानापेक्षा आर्द्रतेचा हात मोठा दिसला. दमट हवेत डिस्कचे कंट्रोलर आणि जोडण्या आधी दगा देत होत्या. त्यातला एक तपशील गमतीचा आहे: डिस्क सर्व्हरच्या मागच्या, म्हणजे अधिक गरम बाजूला बसवल्या तर दमट ठिकाणी त्या कमी बिघडतात. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते.

पण म्हणून एसी बंद करून चालत नाही. १९ जुलै २०२२ रोजी उष्णतेच्या लाटेत लंडनमधल्या गूगल आणि ओरॅकलच्या डेटा सेंटरमधली शीतकरण यंत्रणा कोलमडली आणि यंत्रं बंद ठेवावी लागली.

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांना मायक्रोसॉफ्टच्या अभ्यासातून घेण्यासारखं बरंच आहे. थंड देशांत बाहेरची हवा थेट आत घेऊन वीज वाचवता येते. आपल्याकडे जुलैची हवा गार लागली तरी पाण्याने जड असते. इथे थर्मामीटरइतकंच लक्ष आर्द्रतामापकावर हवं.