खान्देशातून पीएच.डी. : कंट्रोल इंजिनिअरिंगची चार दशके

1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पाठोपाठ धुळे, बांभोरी, फैजपूर इथे वर्ग भरू लागले आणि शेतकऱ्याघरची मुले गावाजवळ राहून इंजिनिअर झाली. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला विद्यापीठ आले, 1996 मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. पण कंट्रोल आणि रोबोटिक्समध्ये पीएच.डी. करायची, तर गाईडच्या शोधात जिल्ह्याबाहेर पडावे लागे.

नोकरीतल्या प्राध्यापकांना आधार होता तो केंद्राच्या क्यूआयपी (क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोग्राम) योजनेचा. तीन वर्षे पूर्णवेळ संशोधनाची सोय त्यात होती. आयआयटी मुंबईत बी. बंदोपाध्याय यांच्याकडे स्लायडिंग मोड कंट्रोलवर महाराष्ट्रातल्या अनेकांनी काम केले. ज्यांना रजा मिळाली नाही, त्यांनी तासिका, पेपर तपासणी आणि घर सांभाळून रात्री सिम्युलेशन चालवले. या चिकाटीची नोंद कुठल्याही प्रबंधात नसते. ती व्हायला हवी.

2009 च्या यूजीसी नियमांनी प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क सक्तीचे केले. त्याचा फायदा झाला : मॅट्रिक्स, ल्यापुनोव्हचे स्थैर्य, ऑप्टिमल कंट्रोल यांचा पाया पक्का झाल्यावरच विषय ठरू लागला. साधनेही आवाक्यात आली. महागड्या मॅटलॅब सॉफ्टवेअरला सायलॅबचा मोफत पर्याय मिळाला. आयआयटी मुंबईने हीटर, पंखा आणि तापमानाचा सेन्सर असलेला छोटा संच इंटरनेटवरून वापरायला खुला केला, तेव्हा दूरच्या विद्यार्थ्यालाही आपला कंट्रोलर खऱ्या यंत्रावर तपासता आला. ई-यंत्र उपक्रमाने महाविद्यालयांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभारायला हात दिला.

तरीही प्रबंधांत वर्षानुवर्षे तीच उदाहरणे दिसतात : उलटा लंबक, डीसी मोटर, पाण्याच्या जोडटाक्या. शिकायला ती उत्तम आहेत. पण रावेर-यावलच्या केळीबागेत याहून अवघड प्रश्न उभा आहे. ठिबकचा व्हॉल्व्ह उघडतो, पाणी काळ्या जमिनीत मुरत मुळांपर्यंत जायला वेळ घेते आणि सेन्सरला ओल कळते तोवर गरजेपेक्षा जास्त पाणी गेलेले असते. कंट्रोलच्या भाषेत हा ‘डेड टाइम’. त्यावर ओटो स्मिथ यांनी 1957 मध्येच तोडगा सुचवला होता : कंट्रोलरमध्येच प्रक्रियेचे मॉडेल ठेवायचे आणि उशिरा दिसणाऱ्या परिणामाचा अंदाज आधी घ्यायचा. मात्र इथे जमीन ऋतूगणिक बदलते, विजेचा भरवसा नसतो आणि सेन्सर स्वस्तच हवा. म्हणजे मॉडेल चुकणार हे धरूनच कंट्रोलर बांधायला हवा. अस्सल पीएच.डी.चा ऐवज तो हाच.

चार दशकांत खान्देशाने पदव्या मिळवल्या आणि शिकवणारी माणसे घडवली. आता विषय ठरवण्याआधी संशोधकाने महिनाभर बागा, जिनिंग कारखाने आणि डाळमिल पाहाव्यात. गाईडने त्याला तो वेळ द्यावा, आणि महाविद्यालयाने तो कामाचाच भाग मानावा.