चाक रुतले तर फळ्या कितपत उपयोगी?



'रिकव्हरी' म्हटले की आपल्या सभासदाच्या डोळ्यांपुढे साखरेचा उतारा येतो. पण अलीकडे तरुण मंडळींच्या तोंडी या शब्दाचा दुसराच अर्थ आहे. चिखलात किंवा वाळूत रुतलेली गाडी बाहेर काढणे यालाही रिकव्हरी म्हणतात, आणि त्यासाठी दातेरी प्लॅस्टिकच्या लांबट फळ्या बाजारात मिळतात. ट्रॅक्शन बोर्ड असे त्यांचे नाव. मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ पाहून बरेच जण आम्हाला विचारतात, "ह्या फळ्या घेतल्या तर फडात रुतलेली ट्रॉली निघंल काय?" जोडीला काही हजार रुपये पडतात. शिवाय रुतलेले वाहन काढताना माणसे दगावतात, हेही आपल्या भागाला नवीन नाही. म्हणून या प्रश्नाचा थोडा खुलासा करीत आहोत.

आपल्या राधानगरी तालुक्यात दाजीपूरकडच्या वरच्या अंगाला तांबडी, जांभ्याची जमीन. पाऊस उघडला की पाण्याचा निचरा होतो. खाली राशिवडे-कौलव भागात भोगावतीकाठी काळी, भारी जमीन. ती वरून वाळलेली दिसते, पण वीतभर खाली लोणी असते. परतीचा पाऊस ऑक्टोबरात लांबला की हंगामाच्या तोंडाला नेमका हाच पट्टा ओला राहतो. टोळी येते, ऊस तुटतो, मोळ्या भरल्या जातात आणि भरलेली ट्रॉली सरीतच बसते. तुटलेला ऊस पडून राहिला की दर दिवसाला वजन आणि साखर दोन्ही घटते. दुसरा ट्रॅक्टर नाहीतर जेसीबी आणायचा खर्च कुणी द्यायचा यावरून बांधावर वाद होतो, आणि बहुतेक वेळा तो शेतकऱ्याच्याच अंगावर पडतो.

आता फळीची गोष्ट. ही कल्पना नवी नाही. इंग्रज सैन्यातील राल्फ बॅग्नोल्ड या अधिकाऱ्याने १९२० ते १९३० च्या दशकांत इजिप्त व लिबियाच्या वाळवंटात मोटारी नेल्या, तेव्हा चाकाखाली घालायला लोखंडी पन्हाळी बरोबर ठेवल्या होत्या. पुढे १९४० साली त्याने उभ्या केलेल्या वाळवंटी तुकडीच्या ट्रकांवरही त्या असत. दुसऱ्या महायुद्धात भोके पाडलेले पोलादी पत्रे एकमेकांत अडकवून मऊ जमिनीवर विमानांच्या धावपट्ट्या केल्या गेल्या. आजची प्लॅस्टिकची फळी ही याच घराण्यातली. मात्र एवढे ध्यानात ठेवावे की तिचा जन्म कोरड्या वाळूसाठी झाला, काळ्या मातीच्या चिखलासाठी नव्हे.

फळी दोन कामे करते. पहिले काम वजन पसरण्याचे. टायरात जेवढा हवेचा दाब, साधारण तेवढाच दाब चाक जमिनीवर देते. ट्रॉलीच्या टायरात ९० पौंड हवा असेल तर चाकाखालच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६ किलो भार येतो. उभ्या माणसाच्या पायाखाली तो पाव किलोच्या आसपास असतो. म्हणून माणूस जिथून सहज चालत जातो तिथे ट्रॉली बुडते. ११५ सेंटिमीटर लांब आणि ३३ सेंटिमीटर रुंद फळीवर दोन टनांचे चाक चढले आणि वजन सगळीकडे सारखे पसरले, तर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच भार उरेल. प्रत्यक्षात फळी वाकते, त्यामुळे एवढा फायदा मिळत नाही. पण फरक मोठा पडतो हे खरे. भात लावणीच्या चिखलणीला आपण ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतो, त्यातही रुंदीचे हेच तत्त्व आहे.

दुसरे काम पकडीचे. गुळगुळीत झालेल्या चिखलात चाक जागच्या जागी फिरते. फळीचे दाते टायरला धरतात आणि फळीचा खालचा भाग जमिनीला धरतो. वाळूत हे छान जमते. काळ्या मातीत दात्यांच्या फटी पहिल्याच फेऱ्यात चिखलाने भरतात आणि फळी साबणाच्या वडीसारखी होते. दर खेपेला ती खरवडून घ्यावी लागते. व्हिडिओत हे दाखवीत नाहीत!

गेल्या हंगामात भोगावतीकाठच्या एका फडात आम्ही स्वतः हा प्रकार पाहिला. एका तरुण सभासदाची जीप बांधाच्या कडेला रुतली होती. त्याने चारी चाकांतली हवा थोडी कमी केली, पुढच्या चाकांसमोरची माती फावड्याने उतरती केली, दोन फळ्या चाकांना भिडवून ठेवल्या आणि पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न दाबता गाडी हळूच वर घेतली. दहा मिनिटांत काम झाले. आम्हालाही कौतुक वाटले.

मग त्याच फळ्या घेऊन सगळे आत रुतलेल्या ट्रॅक्टरकडे वळले. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या. ड्रायव्हरने जोर दिला, तशी एक फळी ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाने मागे भिरकावली. ती ट्रॉलीच्या फळक्यावर आदळली म्हणून बरे, मध्ये माणूस असता तर? दुसरीचे दाते टायरच्या उंच नक्षीने सोलून काढले. जीपच्या वजनासाठी बनवलेल्या वस्तूकडून आपण वीस टनांची अपेक्षा केली, यात फळीचा काय दोष? शेवटी मागची ट्रॉली सोडवली, निम्म्या मोळ्या उतरवल्या, ट्रॅक्टरच्या चाकांखाली बाभळीच्या जाड फळ्या घातल्या आणि दुसरा ट्रॅक्टर पाणंदीच्या पक्क्या जमिनीवर उभा करून लांब दोराने एकेक ट्रॉली ओढली. पाच तास गेले.

यात समजून घेण्याची गोष्ट अशी की ट्रॉलीच्या चाकाला इंजिनचा जोर नसतो; ते नुसते घरंगळत येते. रुतलेल्या ट्रॉलीच्या चाकाखाली दातेरी फळी घालून पकड वाढत नाही, कारण तिथे पकडीचा प्रश्नच नसतो. तिथे फक्त रुंदीचा उपयोग, आणि तोही चाक बुडण्याच्या आधी. एकदा आस मातीला टेकला, पोट बसले, की कितीही महागडी फळी आणा, माती उकरल्याशिवाय आणि वजन उतरवल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे आपल्या कामी फळी आली तर ती वाट करण्यासाठी. रुतल्यावर उपसून काढायला तिचा भरवसा धरू नये.

ती फळी विकतचीच हवी असेही नाही. गावच्या सुताराकडून दोन इंच जाडीच्या, पाच फूट लांब आणि फूटभर रुंद अशा बाभळीच्या फळ्या कराव्यात. फुटू नयेत म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी पट्टी मारावी, वरच्या अंगाला आडव्या अँगलच्या दोन-तीन पट्ट्या बसवाव्यात आणि टोकाला भोक पाडून दोर ओवावा, म्हणजे चिखलात गेलेली फळी शोधत बसावे लागत नाही. सहा-आठ फळ्या असतील तर फडाच्या तोंडाशी जो दहा-बारा फुटांचा नरम पट्टा असतो, तिथे आधीच दोन्ही चाकोऱ्यांत अंथराव्यात. चार शेजाऱ्यांनी मिळून एक संच केला तरी भागते. (काही ठिकाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे उचलून आणण्याची हुशारी केली जाते, असे कानावर आहे. ते पाणी अडवायचे सामान आहे, तुमच्या-आमच्या ट्रॉलीसाठी नव्हे. त्याला हात लावू नये.)

पाचट टाकण्याचा रिवाज आपल्याकडे जुना आहे. कोरडे पाचट जाड थरात, चाक यायच्या आधी पसरले तर थोडा उपयोग होतो. फिरत्या चाकाखाली मूठमूठ कोंबण्यात अर्थ नाही, ते आसाला गुंडाळते आणि हात मात्र धोक्यात येतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. ट्रॅक्टर रुतला की मागच्या दोन्ही चाकांना आडवे लाकूड साखळीने बांधून जोर द्यायचा, ही युक्ती पुष्कळ ड्रायव्हर करतात. कधी निघतोही ट्रॅक्टर, म्हणून सवय लागते. पण लाकूड जमिनीत अडकून चाक फिरायचे थांबले, तर इंजिनचा तोच जोर चाकाऐवजी ट्रॅक्टरला उचलतो. पुढची चाके वर जातात आणि ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती उलटून ड्रायव्हरच्या अंगावर येतो. पुढचा भाग उचलल्यापासून पाऊण सेकंदात सावरण्याची वेळ निघून जाते आणि दीड सेकंदात सगळे संपते. क्लच दाबायचे मनात येईपर्यंत उशीर झालेला असतो. ओढताना साखळी ड्रॉबारला न लावता वर, सीटखाली किंवा आसाला बांधली तरी हाच प्रकार होतो. तेव्हा लाकूड बांधायचे नाही. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच लावायची. चाकाच्या पुढे घट्ट ठोकळा ठेवून पुढे जोर देण्यापेक्षा, ट्रॉली सोडून, आल्या वाटेने रिव्हर्समध्ये बाहेर येणे पुष्कळ सुरक्षित.

एक चाक फिरते आणि दुसरे गप्प उभे आहे, असे दिसले तर आधी डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबून पाहावे. पुष्कळ ड्रायव्हरांना ते आहे याचाच विसर पडलेला असतो. दोन्ही चाके सरळ रेषेत असतानाच ते वापरावे आणि वळण्याआधी सोडावे. भरलेल्या ट्रॉलीच्या टायरातली हवा मात्र जीपसारखी कमी करू नये, टायर रिंगवरून उतरतो. दोर किंवा वायररोप ताणलेला असताना त्याच्या रेषेत आणि फळीच्या मागे कुणीही उभे राहू नये. मुलांना तर बांधाच्या पलीकडेच ठेवावे.

काळ्या रानातल्या सभासदांनी तोडणीपूर्वी १५ ते २० दिवस पाणी तोडावे, हे आम्ही दर वर्षी सांगतोच. त्याने उताराही सुधारतो आणि रानही आवळते. तरीही रान ओले असेल तर टोळी उतरण्याच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरला घेऊन फडात चालत जावे. टाच जिथे दोन बोटे रुतते तिथे डबल ट्रॉली आत घालू नये. एकेक ट्रॉली अर्धी भरून पाणंदीवर काढावी आणि उरलेल्या मोळ्या तिथे चढवाव्यात. मजुरांना ओझे वाहण्याचा त्रास जास्त पडतो, त्याची बोलणी मुकादमाशी आधीच, ऊस उभा असतानाच करून ठेवावी.