आजीचा जन्म आणि नातवाचें नागरिकत्व



आमच्या मनीषनगरांत चार वडीलधारी मंडळी एकत्र बसलीं कीं मुलांच्या परदेशगमनाचा विषय निघतोच. त्यांत हल्लीं एक प्रश्न ऐकूं येतो : "आजी गोव्यांत जन्मली, तिच्या नात्यानें नातवाला पोर्तुगालचें नागरिकत्व मिळेल काय?" त्याचा आज थोडा विचार करूं.

नागरिकत्व ठरविण्याच्या दोन रीति जगांत रूढ आहेत. एक जन्मभूमि पाहते, दुसरी रक्तसंबंध. पोर्तुगालच्या १९८१ च्या कायद्यांत रक्तसंबंधाला मोठें स्थान आहे. गोवा, दमण व दीव हे प्रदेश डिसेंबर १९६१ मध्यें मुक्त झाले आणि १९६२ च्या आज्ञेनें तेथील रहिवाशांना भारतीय नागरिकत्व मिळालें. परंतु भारताचें तेथील सार्वभौमत्व पोर्तुगालनें मान्य केलें तें १९७४ च्या तहानें. त्या सरकारच्या दृष्टीनें, मुक्तीपूर्वीं तेथें जन्मलेला मनुष्य पोर्तुगीज म्हणूनच जन्मला. त्याचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरींत नोंदवून पुढील पिढ्यांना पायरीपायरीनें हक्क मागतां येतो. यांत धर्माचा वा भाषेचा भेद नाहीं. गोव्यांतील मराठीभाषी हिंदु कुटुंबहि त्यांत येतें.

मात्र पुरावा हवा. जुन्या जन्मनोंदींत एक नांव व शाळेच्या दाखल्यावर दुसरें, असें असलें कीं पिढ्यांची सांखळी जुळविणें कठीण जातें. शिवाय हे नियम पोर्तुगाल वेळोवेळीं बदलीत असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्याकडची. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमान्वयें, स्वेच्छेनें परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. 'कागद करून ठेवूं, गरज पडेल तेव्हां पाहूं' हा हिशेब येथें चालत नाहीं. नुसत्या जन्मनोंदणीनें काय परिणाम होतो, यावरहि गोव्यांत वाद झाले आहेत. म्हणून जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावयाचा तो अर्जापूर्वीं, नंतर नव्हे.

अशा लोकांसाठीं भारतानें २००६ पासून परदेशस्थ भारतीय नागरिकाचें कार्ड सुरू केलें. तें पणजोबांपर्यंतच्या नात्यानें मिळूं शकतें. मॉरिशसमधील भारतीय वंशजांना, त्यांत मराठी कुटुंबेंहि आलीं, सातव्या पिढीपर्यंत ही सवलत देण्याची घोषणा २०२४ मध्यें झाली. पण नांवांत 'नागरिक' असलें तरी हें नागरिकत्व नव्हे. त्यावर येणेंजाणें, राहणें व बहुतेक नोकरीधंदा करतां येतो; मत देतां येत नाहीं, निवडणूक लढवितां येत नाहीं, शेतजमीन विकत घेतां येत नाहीं.

तेव्हां आजीचा जन्मदाखला जरूर जपून ठेवावा. परंतु सही करण्यापूर्वीं नातवाला दोन्ही बाजू नीट समजावून सांगाव्या. नवा पासपोर्ट हातीं येतांना जुना परत द्यावा लागतो, हें त्याला आधींच ठाऊक असावें.